वीस मिनिटांच्या कामाचा दर

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत संगणक दुरुस्ती आणि देखभालीचा व्यवसाय सुरू केला तेव्हा मी तासावर पैसे घेत असे. एका वर्षी जुलै संपत आला असताना, प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याच्या घाईत, एका सनदी लेखापालांच्या कार्यालयातून रात्री नऊ वाजता फोन आला की टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा उघडत नाही. मी गेलो, वेगळ्या हार्ड डिस्कवरचा आदल्या रात्रीचा बॅकअप पुन्हा चढवला, आणि वीस मिनिटांत काम सुरू झाले. बिल झाले दोनशे रुपयांचे. तो बॅकअप रोज आपोआप व्हावा अशी सोय मीच वर्षभरापूर्वी करून दिली होती, तीही विनामूल्य. ती केली नसती तर डेटा जुळवायला मला दोन दिवस लागले असते आणि बिल कितीतरी मोठे झाले असते. ज्या पद्धतीत काळजीने काम करणाऱ्याला कमी आणि हयगय करणाऱ्याला जास्त पैसे मिळतात, ती पद्धत देखभालीच्या कामाला लागू करू नये, असे माझे ठाम मत त्या रात्री झाले.

तरीही आपला एक तास आपल्याला कितीला पडतो, हे माहीत असलेच पाहिजे. समजा, दुकानाचे भाडे, मदतनिसाचा पगार, पेट्रोल, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे परवाने आणि मालकाचा स्वतःचा पगार (हा बहुतेक जण धरतच नाहीत) मिळून महिन्याला ७०,००० रुपये होतात. दोघांचे मिळून ४०० तास होतात, म्हणून अनेक जण १७५ रुपये असा हिशेब करतात. पण जाण्यायेण्यात, कोटेशन देण्यात, उधारी मागण्यात आणि फोनवरच्या फुकट सल्ल्यात निम्मे तास जातात. उरलेल्या २०० तासांनी भागले की ३५० रुपये येतात, आणि त्यात नफा अजून धरलेलाच नाही.

हा आकडा स्वतःच्या वहीत ठेवावा आणि ग्राहकाला वार्षिक देखभाल कराराची एकच रक्कम सांगावी. मात्र करारात सीमा स्पष्ट हव्यात: किती संगणक, महिन्यात किती भेटी, सुट्या भागांचा खर्च कोणाचा, रविवारी बोलावल्यास जादा किती. ‘एवढे जरा बघून जा’ या शब्दांनी वाढलेले काम नात्याला जितके जड जाते, तितकी जास्त सांगितलेली रक्कम जात नाही. वेबसाइट किंवा नवीन नेटवर्क यांसारख्या एकदाच होणाऱ्या कामाला मात्र ठरावीक रक्कम घ्यावी आणि काही भाग आगाऊ मागावा.

दर सांगताना जीएसटी वेगळा सांगावा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागते आणि आपल्या सेवांवर १८ टक्के कर लागतो. आधी ‘सगळे धरून’ दर सांगितलेला असेल तर तो कर आपल्याच खिशातून जातो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणीही करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. व्याज मागण्याची वेळ क्वचितच येते, पण बिलावर ही मुदत छापलेली असली की पैसे मागताना संकोच वाटत नाही.

त्या लेखापालांकडे मी पुढच्या एप्रिलमध्ये एका पानाचा करार घेऊन गेलो. रक्कम त्यांनी आधी वर्षभरात दिलेल्या पैशांच्या जवळजवळ तिप्पट होती. शेवटचे कलम होते: ‘दर महिन्याला बॅकअप प्रत्यक्ष उघडून तपासला जाईल.’ ते त्यांनी दोनदा वाचले आणि सही केली.