तेलाच्या विहिरीवरची नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी, गुहागरकडचे पालक विचारतात, "मुलाला पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालू का? पगार म्हणे लाखात असतो. पण आपल्याकडची रिफायनरी होणार की नाही, तेच कळत नाही."

रिफायनरी झाली काय, न झाली काय, या शिक्षणाला त्याने फारसा फरक पडत नाही. रिफायनरी चालवतात ते मुख्यतः केमिकल आणि मेकॅनिकलवाले. लोणेऱ्याच्या विद्यापीठात मिळते ती पेट्रोकेमिकलची पदवी, तीही तेल वर आल्यानंतरची विद्या. पेट्रोलियम इंजिनिअरचं काम त्याच्या आधीचं, ते तेल खडकातून वर आणायचं.

तेल खाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. जांभ्याच्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता पिऊन टाकतो. तेलही असंच खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात ते मुख्यतः चुनखडकात आहे. 1974 साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने ते शोधलं, 1976 पासून ते निघू लागलं. मुंबईपासून समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवरची ही जागा. तिथला माल समुद्रतळावरच्या पाइपलाइनने आपल्या उरणला येतो.

विहीर खोदताना पाइपातून 'मड' सोडतात. पाण्यात किंवा तेलात बेंटोनाइट ही माती आणि बॅराइट हे जड खनिज कालवून केलेला हा चिखल खालचा दाब पेलून धरतो. तो हलका पडला तर वायू विहिरीत घुसतो, जास्त जड झाला तर खडकच तडकतो आणि मड त्यात जिरून जातो. रात्री तीन वाजता मडच्या टाकीतली पातळी विनाकारण चढलेली दिसली, की समजायचं, खालून काहीतरी आत शिरलंय. पंप थांबवायचा, विहीर स्वतःहून वाहते का बघायचं, वाहत असेल तर लगेच बंद करायची. तिथे 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणायला सवड नसते. या शिक्षणातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. गणित, भूगर्भशास्त्र आणि पदार्थविज्ञान एका टाकीच्या काठाशी येऊन उभं राहतं.

समुद्रावरची ड्युटी बहुधा चौदा दिवस कामाची, चौदा सुटीची. जायचं हेलिकॉप्टरने. त्याआधी खोटी केबिन पाण्यात उलटी करून तिच्यातून बाहेर पडायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि ड्युटी गणपतीत आली तर आरती फोनवर ऐकायची. हसू नका, कोकणातल्या पोरांना हेच सर्वांत जड जातं.

आता नोकरीचं. ओएनजीसी, ऑइल इंडिया, काही खासगी कंपन्या आणि विहिरींची कामं करणाऱ्या सेवा कंपन्या, एवढंच हे जग. इंजिनिअरिंगनंतरच्या 'गेट' या देशपातळीवरच्या परीक्षेला पेट्रोलियमचा स्वतंत्र पेपर आहे, सरकारी कंपन्यांत शिरायला त्याचा उपयोग होतो. पण भरती तेलाच्या भावावर हलते. 2014 च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेला बॅरल 2016 च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आला आणि जगभर हजारो इंजिनिअर घरी बसले. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, म्हणून इथल्या विहिरी कोणी सहज बंद करणार नाही. तरी नोकऱ्या मोजक्याच.

माझं मत स्पष्ट आहे. जेईई ॲडव्हान्स्डमधून धनबादची आयआयटी किंवा अमेठी जिल्ह्यातल्या जायसची राजीव गांधी पेट्रोलियम संस्था मिळाली, आणि मुलाला खडकांची खरंच ओढ असली, तर पाठवा. बाग गहाण टाकून कुठल्याही खासगी कॉलेजात घालणार असाल तर थांबा. मेकॅनिकल किंवा केमिकल करू द्या, तेल कंपन्या त्यांनाही घेतात. पेट्रोलियममध्ये एम.टेक. नंतरही करता येतं. कार्बन डायऑक्साइड खडकात साठवणं, भूगर्भातली उष्णता वापरणं, यांनाही हीच विद्या लागते. तुरळ, उन्हवरेची गरम पाण्याची कुंडं आपल्या दारातच आहेत.

एवढं सांगूनही खासगी कॉलेजच घ्यायचं ठरलं, तर फी भरण्याआधी त्यांना एकच विचारा : तेलाचे भाव पडले त्या वर्षी तुमच्याकडे कोणत्या कंपन्या आल्या आणि किती मुलांना घेतलं? उत्तर लेखी मागा.