गुलाबी अळी काय शिकली?

[दृश्य: नोव्हेंबरची सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं शेत. तळहातावर एक बोंड.]

हिरवं बोंड. लिंबाएवढं, टणक, बाहेरून कसलाही डाग नाही. शिवणीवर अंगठ्याचं नख दाबलं की ते टक्कन उकलतं. आत चार कप्पे. तीन कप्प्यांतली ओली रुई दुधासारखी पांढरी. चौथ्यातली पिवळी पडून चिकटलेली, आणि तिथल्या सरकीला भोक. त्या भोकातून डोकं काढते ती सेंटिमीटरभर लांबीची गुलाबी अळी. उजेड लागला की अंग आक्रसते आणि पुन्हा रुईत शिरायला बघते.

हे बोंड माझ्या मामांनी फोडून माझ्या हातावर ठेवलं, ते २०१७च्या दिवाळीनंतर. मामांचं आयुष्य कपाशीत गेलं. ते एवढंच म्हणाले, "अळी शिकली ना बाप्पा. बीटी पचवाले लागली ते."

बीटी म्हणजे अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी. मामांचं हे वाक्य नंतर मी कितीतरी गावांत, कितीतरी तोंडून ऐकलं. त्यातलं अर्धं खरं आहे. अळी बदलली, हे खरं. पण ती काहीही शिकलेली नाही. मग बदलली कशी? आजचा व्हिडिओ या एका प्रश्नासाठी आहे. उत्क्रांतीबद्दल लोक जे जे विचारतात, त्यातलं बहुतेक या बोंडात सापडतं.

[दृश्य: जुना नकाशा. भरूच.]

ही अळी आपल्याकडे नवी नाही. १८४२ साली भरूच भागातल्या कपाशीवर ती सापडली आणि पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. पतंग राखाडी, इवलासा, रात्री उडणारा. मादी शंभराच्या वर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी फुलात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळीनं शिवून टाकते. फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की आत येण्याचं भोक बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून २००२मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा तो मोठा दिलासा वाटला. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. त्या जनुकामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीनं पान किंवा बोंड कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्यात जातं, आतड्याच्या पेशींवरच्या एका ठरावीक जागी चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. आपल्या आतड्यात तशी जागाच नाही, म्हणून आपल्याला ते बाधत नाही. कुलूप आणि किल्लीसारखं हे काम आहे.

२००६मध्ये दोन जनुकांची बीटी आली. काही वर्षांतच देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटीच होती.

आणि मग गुजरातमधून बातमी आली. २०१०मध्ये जाहीर झालं की अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली आहे. पुढच्या चार-पाच वर्षांत ती दोन जनुकांच्या बीटीवरही जगू लागली. २०१७मध्ये विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सगळीकडे बोंडं सडली. वेचणीला गेलेल्या बायांच्या ओटीत कापसाऐवजी कवडी, म्हणजे किडका, नीट न फुललेला कापूस आला.

[दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली अळी.]

आता मामांच्या वाक्याकडे येऊ.

एक अळी घ्या. ती बीटीचं बोंड खाते. तिच्या आतड्यातलं कुलूप नेहमीचं असेल, तर ती दोन-चार दिवसांत मरते. मरताना ती काही शिकत नाही आणि शिकली असती तरी सांगणार कुणाला? तिला पोरंच होणार नसतात.

दुसरी अळी. हिच्या कुलपाचा आकार जरा वेगळा आहे. कुलूप घडवणाऱ्या जनुकात कधीतरी, कुठल्यातरी पिढीत, नक्कल होताना चूक झाली आणि ती चूक हिच्याकडे वारशानं आली. किल्ली लागत नाही. ही अळी जगते, पतंग होते, अंडी घालते.

ती चूक बीटीमुळे झालेली नाही. पेशीत जनुकांच्या नकला होताना अशा चुका होतच असतात. बहुतेक निरुपयोगी, काही घातक. बदललेल्या कुलपाचा फायदा बीटी येण्याआधी शून्य होता. उलट साध्या कपाशीवर अशा अळ्या नेहमीच्या अळ्यांपेक्षा मागे पडतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून त्या दुर्मीळ होत्या.

आजी सुपात धान्य पाखडते तेव्हा कोंडा उडतो आणि दाणा राहतो. दाणा काही जड व्हायला शिकलेला नसतो. तो जडच होता. सूप हलायला लागल्यावर ते दिसून आलं. निसर्गातल्या अशा पाखडण्याला नैसर्गिक निवड म्हणतात. बीटी हे सूप होतं, आणि ते आपण हलवलं, देशभर, एकाच वेळी.

"म्हणजे सगळा योगायोगच की!" असं कुणीतरी नक्की म्हणतं. चूक कुठे होईल, हा योगायोग. पण बीटीच्या शेतात कोण मरेल आणि कोण उरेल, यात योगायोग फारसा नाही. ते कुलूप ठरवतं. दोन्ही मिळून उत्क्रांती होते, आणि फक्त पहिलाच भाग ऐकून लोक उठून जातात, याचं मला वाईट वाटतं.

"बळी तो कान पिळी, हाच निसर्गाचा नियम ना?" हाही नेहमीचा प्रश्न. पण तगलेली अळी बळकट नव्हती. साध्या कपाशीवर ती दुबळीच ठरते. जिथे जगायचं, तिथल्या परिस्थितीला ती जुळली, इतकंच. शेत बदललं तर तीच अळी मागे पडेल.

[दृश्य: बियाण्याचं पाकीट. शेजारी छोटी पुडी.]

या पाकिटाजवळ जरा थांबू या, कारण खरी हळहळ इथे आहे.

४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची. साध्या कपाशीची. शेताच्या कडेनं पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र साध्या कपाशीखाली ठेवा, असा नियम होता. गावात तिला रेफ्युजी म्हणत. बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावर पडायची. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहेत, त्यानं अळीला खायला ओळी सोडायच्या? मामांनीही एकदा विचारलं होतं, "काहून लावाची ते?" दुकानात उत्तर मिळालं, "नियम आहे."

उत्तर नैसर्गिक निवडीत होतं, आणि ते पाच मिनिटांत सांगता आलं असतं.

प्रत्येक अळीकडे कुलपाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. बीटी पचवायला दोन्ही प्रती बदललेल्या लागतात. एक बदललेली आणि एक नेहमीची असेल, तर अळी मरते. समजा, हजार प्रतींत एक बदललेली आहे. मग दोन्ही बदललेल्या प्रती एकाच अळीत येण्याचं प्रमाण दहा लाखांत एक. बीटीच्या शेतातून असा एखाददुसरा पतंग उडतो. शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तिथून साध्या पतंगांचे थवे निघतात. त्या एकाला जोडीदार मिळतो तो त्यांतलाच. पिल्लांना एकच बदललेली प्रत मिळते, आणि पुढच्या बीटीच्या बोंडात ती पिल्लं मरतात. त्या पाच ओळी म्हणजे या पतंगाला साधी सोयरीक मिळावी म्हणून राखलेली जागा होती.

ओळी नसतील तर? बीटीतून वाचलेल्याला वाचलेलाच जोडीदार मिळतो. त्यांची सगळी पिल्लं बीटी पचवणारी. कपाशीच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. पाणी देऊन फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे चालवलं, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं मार्चपर्यंत उभी ठेवली, तर अळीला आणखी पिढ्या मिळतात.

त्यात एक बारकावा आहे, आणि मला तो सगळ्यात विलक्षण वाटतो. हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तीही त्याच बीटीला तोंड देत होती. पण ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. बीटीत वाचलेल्या पतंगाला तुरीवर वाढलेला जोडीदार मिळत राहिला. गुलाबी अळीचं पोट मात्र जवळजवळ एकट्या कपाशीवर. आणि कपाशी सगळी बीटी! म्हणून एकाच शेतातल्या दोन अळ्यांपैकी गुलाबी आधी निसटली. आपल्या तुरीच्या ओळींनी नकळत रेफ्युजीचं काम केलं होतं.

[दृश्य: अॅरिझोना. वाळवंटी भागातली कपाशी.]

अमेरिकेतल्या अॅरिझोनात बीटी १९९६मध्ये आली. अळी तीच, जनुक तेच. तिथल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले. दहा वर्षांनंतरही अळी बीटीनं मरत होती. मग २००६पासून प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानांतून अब्जावधींच्या संख्येनं सोडले. २०१८मध्ये अमेरिकेनं आपल्या मुख्य भूमीवरून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. तिथली शेतं मोठी, पैसा मोठा, यंत्रणा मोठी. तुलना सरळ होत नाही. पण निवडीचा नियम दोन्हीकडे एकच होता. तिथे तो ध्यानात ठेवून आखणी झाली. इथे त्या नियमाची पुडी झाली आणि कारण कुणी सांगितलं नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. त्यात जिराफाची मान आहे. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तर उत्क्रांतीचा भागच वगळला गेला. कपाशीच्या पट्ट्यातल्या पोरांना जिराफाआधी ही अळी दाखवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: शाळेचा वर्ग, फळा.]

शाळांत बोलायला जातो तेव्हा मुलं याच्या पुढचं विचारतात. "सर, अळी शेवटी अळीच राहिली. दुसरा प्राणी कुठे झाला?" बरोबर आहे. दहा-पंधरा वर्षांत एका कुलपाचा आकार बदलला. काळ लाखो पटींनी वाढवला तर काय होतं, ते बघायला जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटला जावं लागेल. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून गोळा केलेल्या दगडांत सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका छोट्या खुरी प्राण्याची हाडं होती. पुढे एक कवटी साफ करताना चुकून तुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्याची ठेवण देवमाशांच्या कानासारखी! त्या प्राण्याचं नाव इंडोहायस. कच्छमध्ये त्यानंतरच्या काळातले, आखूड पाय असलेले देवमासे सापडले आहेत. जमिनीवरून समुद्रात जाण्याचा हा प्रवास आपल्याच उपखंडातल्या खडकांत लिहिलेला आहे.

"माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?" मराठी आणि गुजराती दोन्ही प्राकृतातून आल्या. मराठी गुजरातीपासून झाली, असं आपण म्हणत नाही, आणि मराठी झाली म्हणून गुजराती संपायला हवी होती, असंही नाही. चिंपांझी आणि आपण चुलत भावंडं. समाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे.

"पण हा नुसता सिद्धांत आहे ना?" विज्ञानात सिद्धांत म्हणजे अंदाज नव्हे. ढीगभर पुराव्यांची संगती लावणारं आणि पुढे काय होईल ते सांगू शकणारं स्पष्टीकरण, त्याला सिद्धांत म्हणतात. साध्या कपाशीच्या ओळी नसतील तर अळी निसटेल, हे बीटी आपल्याकडे येण्याआधीच शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. त्या पुडीचा नियम त्याच भाकितातून आला.

[दृश्य: जानेवारी. वाळलेली पऱ्हाटी.]

मामा आता फरदड घेत नाहीत. जूनमध्ये लवकर पेरत नाहीत, शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून घेणारे सापळे लावतात, आणि सकाळी सापळ्यातले पतंग मोजतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तर फवारणी. पुडीचं गणित मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तवाच सांगाले पायजे होतं."

शेवटच्या वेचणीनंतर झाडावर काही बोंडं उरतात, न उमललेली, काळी पडलेली. मामा त्यातलं एक फोडतात. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या अलग केल्या की मध्ये रेशमाच्या बारीक अस्तरात अळी मुटकुळं करून झोपलेली. तिला हलवलं तरी जागी होत नाही. पुढच्या पावसापर्यंत ती अशीच राहील. हिच्या कुलपाच्या दोन्ही प्रती कशा आहेत, हे बघून कळत नाही.

धुऱ्यापलीकडून घंटांचा आवाज येतो. धनगराशी कालच बोलणं झालं आहे. मामा काट्याची फांदी बाजूला ओढतात, आणि मेंढरं पऱ्हाटीत शिरून उरलेली बोंडं ओरबाडायला लागतात.