सहा चौकटींची पट्टी

[दृश्य : नेरुळ. रविवारची सकाळ. शाळेचं फाटक, कुलूप, किल्ल्यांचा जुडगा.]

सकाळचे सव्वासात. शाळेचा शिपाई कुलूप काढतो आणि दुपारपर्यंत ही इमारत एका मराठी ख्रिस्ती मंडळीची होते. खाली हॉलमध्ये मोठ्यांची उपासना, वर पहिल्या मजल्यावर शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबल शाळा. पहिलं काम बाकं भिंतीला लावायचं. फळ्यावरचं शनिवारचं गणित पुसायचं नाही असं शाळेनं सांगितलंय, म्हणून त्यावर निळी चादर टांगतात. आता हीच चादर बायबलमधला गालील समुद्र.

[दृश्य : चादर वाऱ्यानं हलते. दोन मुलं तिला कागदी होडी टाचणीनं लावतात.]

ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चची वास्तू १८२५ सालची. दगडी, भक्कम. खाडीच्या या बाजूला, नवी मुंबईत, तसं काही नव्हतं. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. माणसं आली ती नगरहून, श्रीरामपूरहून, जालन्याहून, मिरजेहून. कुणी दवाखान्यातल्या नोकरीसाठी, कुणी कंपनीत, कुणी शिक्षक म्हणून. येताना त्यांनी गाणी आणली, बायबल आणलं. संध्याकाळी दिवा लागला की सगळ्या घराला प्रार्थनेला बसवणारी आजी मात्र गावीच राहिली.

[दृश्य : जिन्यावर चपला, बूट, एक पावसाळी गमबूट. मुलं धावत वर येतात.]

माझ्या लहानपणी आमची शब्बाथ शाळा जिन्याखाली भरायची. मोठ्यांची उपासना शांततेत व्हावी म्हणून आम्हाला तिथं बसवायचे. शिकवायला कोण, तर त्या दिवशी जो मोकळा असेल तो. सोनेरी वचन, म्हणजे त्या रविवारची बायबलमधली ओळ, पाठ केलं की लिमलेटची गोळी मिळायची. वचनं आजही पाठ आहेत, त्या ताई-दादांचं ऋण मोठं आहे. पण वचन घरी कुणी विचारलं का, हे आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. तेव्हा गरजही नव्हती. घरी आजी होती.

[दृश्य : जुन्या चित्रांची मालिका. कारखाना, रस्त्यावरची मुलं.]

थोडं मागं जायला हवं. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्राच्या मालकानं रविवारची शाळा सुरू केली. गावातली मुलं आठवड्याचे सहा दिवस राबत होती, टाचण्यांच्या कारखान्यात. शाळेत जायला त्यांना एकच दिवस मोकळा होता. म्हणून रविवार. तिथं मुलं बायबलवरून अक्षरं ओळखायला शिकली. पुढं १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. आपल्या मराठीत मिशनच्या लोकांनी मुलांसाठी ‘बालबोधमेवा’सारखं मासिक एकोणिसाव्या शतकातच काढलं होतं. आणि ज्यांची भजनं आजही दर रविवारी गायली जातात, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तर महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखतो.

सुट्टीतली बायबल शाळा, आपण जिला व्हीबीएस म्हणतो, तीही अशीच सुरू झाली. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला, उन्हाळ्यात रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या गरीब मुलांसाठी एका बाईंनी बीअरच्या गुत्त्याची जागा भाड्यानं घेतली. भाड्याच्या जागेत देवाचं काम आपणच पहिल्यांदा करतोय असं नाही.

घरं बदलली तेव्हा मंडळीनं मुलांसाठी काहीतरी नवं उभं केलं. ग्लॉस्टरला केलं, न्यूयॉर्कला केलं. आता नेरुळची घरं बदलली आहेत.

[दृश्य : शनिवार रात्र. वन बीएचकेचा हॉल. जमिनीवर वर्तमानपत्र, कार्डशीट, कात्री, स्केचपेनांचा डबा.]

हे काम आदल्या रात्री सुरू होतं. या ताई शब्बाथ शाळेच्या प्रमुख. आठवडाभर बँकेत, शनिवारी रात्री इथं जमिनीवर. ए-फोर आकाराची जाड कार्डशीट मधोमध उभी कापली की दोन लांब पट्ट्या निघतात. मग पंख्यासारख्या पाच घड्या. नखानं नाही, स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं दाबायच्या, म्हणजे घडी मोडत नाही. पाच घड्या, सहा चौकटी. सोमवार ते शनिवार, घरी रोज एक. प्रत्येक चौकट जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद.

[दृश्य : जवळून. चमचा घडीवरून फिरतो. पांढऱ्या शीटवर हिरव्या शाईची अक्षरं.]

एका चौकटीत एकच प्रश्न. उपदेश नाही, लांबलचक प्रार्थनाही नाही. रिक्षात, लिफ्टमध्ये, गॅससमोर उभं राहून विचारता येईल असा प्रश्न. ताईंचा नियम असा, की उत्तर द्यायला आईबापांना पुस्तक उघडावं लागता कामा नये. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांना कुठं शिकवायची ते सांगितलंय. घरात बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. मंदिराचं नाव तिथं नाही. सहा चौकटी तिथून आल्या.

अक्षरं देवनागरीच, आणि मोठी. यावरून कमिटीत वाद झाला होता. मुलं इंग्रजी माध्यमाची, मराठी अडखळत वाचतात, मग रोमन लिपीत का नको? ताईंनी तेव्हा दिलेलं उत्तर याच पट्ट्या कापता कापता आम्हाला पुन्हा सांगितलं. “रोमनमध्ये लिहिलं तर लेकराला वाचता येईल, पण गावच्या आजीला नाही येणार.” पट्टीचा फोटो आजीलाही जातो. व्हिडिओ कॉलवर नातू अडतो, आजी पुढचा शब्द सांगते.

[दृश्य : मोबाईलच्या पडद्यावर आजी, चष्मा वर सरकवते.]

[दृश्य : रविवार. वर्ग. तीसेक मुलं सतरंजीवर. निळ्या चादरीपुढं ताई.]

आजची गोष्ट पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची, येशूनं तेवढ्यात हजारोंना जेवू घातलं ती. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चारही चरित्रांत, ती आहे. पण भाकरी एका मुलाजवळ होत्या हे फक्त योहान सांगतो. भाकरी जवाच्या होत्या, तेही त्याच्याकडूनच कळतं. ताई खरोखरच स्टीलचा डबा उघडतात. आत ज्वारीच्या पाच लहान भाकरी आणि दोन तळलेले बांगडे. वर्गात वास पसरतो. मागच्या रांगेतली मुलं गुडघ्यांवर उठतात.

[दृश्य : मुलांचे चेहरे. इथं चार सेकंद निवेदन नाही.]

“टीचर, आम्हाला देणार?”

देतात. एक भाकरी सहा-सात जणांत. तुकडे करायला मुलंच बसतात आणि भांडण होत नाही. का होत नाही ते चित्रात बघा.

[दृश्य : वर्गाचं उघडं दार. दारात दुसऱ्या शिक्षिका. भिंतीवर १०९८ लिहिलेला कागद.]

वर्गाचं दार पूर्ण वेळ उघडं असतं आणि वर्गात कायम दोन मोठी माणसं असतात. एकट्या मोठ्या माणसाजवळ एकटं मूल कधीच सोडायचं नाही, शौचालयापर्यंतही नाही. भिंतीवर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. मुलं जिथं जमतात तिथं प्रत्येकाला तो ठाऊक असावा, मंडळीत तर सगळ्यात आधी. विश्वासाच्या जागी पहारा कशाला, असं काहींना वाटतं. पण आईबाप लेकरू आपल्या हाती देऊन खाली उपासनेला बसतात. तो विश्वास सांभाळायचा तर दार उघडंच हवं.

[दृश्य : खाली हॉल. उपासना. एक वडील कडेवरच्या मुलाला घेऊन मागं उभे.]

हे वडील एकटेच मुलाला वाढवतात. त्या तिसऱ्या रांगेतल्या बाई परिचारिका, रात्रपाळी संपवून थेट इथं आल्यात. एका घरातले बाबा पुण्याला असतात, दोन आठवड्यांनी येतात. आधी मंडळीची पत्रकं निघायची ती आई, बाबा, दोन मुलं, रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना असं घर डोळ्यांसमोर ठेवून. रात्री आठला सगळे घरी असलेलं घर इथं आम्हाला फारसं सापडलं नाही. पाळकसाहेबांनी आता उपदेशाच्या शेवटची पाच मिनिटं पट्टीला दिली आहेत. मुलं वर जे शिकली तेच मोठ्यांना खाली सांगतात, म्हणजे घरी विचारल्यावर बाबा गडबडत नाहीत.

आणि पैसा. वर्षाच्या अंदाजपत्रकात साउंड सिस्टिमला वेगळी ओळ असते, नाताळच्या मंडपाला असते. इथं मुलांचा खर्च ‘इतर’मध्ये जायचा. आता शब्बाथ शाळेला स्वतःची ओळ मिळाली आहे. शिक्षकांचं प्रशिक्षण, कार्डशीट, रंग, वर्गाचं भाडं, सगळं त्यात. त्या एका ओळीसाठी ताई तीन बैठकांना बसल्या. प्रत्येक मंडळीनं आपलं अंदाजपत्रक उघडून ही ओळ शोधावी.

ऐरोली आणि खारघरच्या मंडळ्यांनी पट्टीचा नमुना मागून नेला आहे.

[दृश्य : सोमवार. पहाटे साडेपाच. स्वयंपाकघर. फ्रिजवर चुंबकाखाली पट्टी, पहिली चौकट उघडी.]

मॉर्निंग ड्यूटी. सहा पंचवीसची लोकल. ओट्यावर दोन डबे, एक आईचा, एक मुलीचा. मुलगी दात घासता घासता पट्टीसमोर येऊन उभी राहते. सोमवारचा प्रश्न बोट ठेवून वाचते, जोडाक्षराला अडते, पुन्हा वाचते.

“मम्मी, त्या मुलाचा डबा कुणी बांधला असेल?”

[दृश्य : आईचे हात पोळीवर थांबतात. इथून पुढं निवेदन नाही. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, दोघींचं बोलणं मूळ आवाजातच ठेवावं. डब्याचं झाकण लागेपर्यंत दृश्य कापू नये.]