हात मागे, डोळे पुढे

(दृश्य: रुग्णवाहिकेतल्या पॅरामेडिकांच्या प्रशिक्षणाचा हॉल, जमिनीवर रबरी पुतळा)

नागपूरचा मे महिना. कूलर घरघरतोय, तरी घाम काही थांबत नाही. पुतळ्याची आजची गोष्ट समृद्धी महामार्गावरची. शिवमडक्याजवळ टायर फुटून गाडी उलटली, चालकाची नाडी लागत नाही.

एक जण मान स्थिर धरतो. दुसरी जबडा पुढे उचलून अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास देणारी पिशवी, लावते. तिसरा छाती दाबतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ३० दाब, २ श्वास.

चौथी पुतळ्याच्या पायाशी उभी आहे. ही टीम लीडर. राहवत नाही म्हणून ती वाकते, तोच सरांचा आवाज येतो.

(मूळ आवाज: “तू कायले हात लावून राहिली? पाहा न आधी!”)

हात गुंतले की नजर गुंतते. घड्याळ तिनं पाहायचं, २ मिनिटांनी छाती दाबणारा बदलायचा, स्ट्रेचर मागवायचं. मिहानमधलं एम्स की मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, तेही तिनंच ठरवायचं.

(दृश्य: हँडओव्हरचा सराव)

आता हँडओव्हर, म्हणजे रुग्णाला रुग्णालयाच्या हवाली करताना द्यायची माहिती. ती सुरुवात करते टायरपासून. सर थांबवतात. आधी वय, मग अपघाताची वेळ, काय घडलं, कुठे लागलं, नाडी-बीपी, काय उपचार दिले. पुन्हा. या वेळी बीपी सांगायचं राहून जातं. पुन्हा! आमच्या मते नेतृत्व इथंच घडतं. केबिनमधली खुर्ची नंतरची.

(दृश्य: रस्त्यावरून जाणारी रुग्णवाहिका)

राज्यात १०८ सेवा २०१४ साली आली, ती गाडीत डॉक्टर आणि चालक घेऊन. या चालकाला ‘पायलट’ म्हणतात. पॅरामेडिकच्या शिक्षणाला आणि नोंदणीला देशपातळीवर कायद्याचा आधार मिळाला तो २०२१ मध्ये, संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यानं. नोंदणीनं ओळख मिळते, बढती नाही. औषधांची पेटी, पाळ्यांचं वेळापत्रक, केसनंतरचा आढावा ठरवणाऱ्यांत गाडीतून वर आलेला पॅरामेडिक हवा, एवढी साधी मागणी आहे.

(दृश्य: चहाची सुट्टी)

दहा वर्षांनी कोण व्हायचंय, असं मुलांना विचारलं. दोघं म्हणाली, दुबई. एक जण म्हणाला, “सरांसारखा ट्रेनर.” टीम लीडर मुलीनं आम्हालाच विचारलं, “ट्रेनरच्या वर कोणती पोस्ट असते?”