जाडी आणि जात

नमस्कार मंडळी.

आज बोलायचंय डिझेल गाडीतल्या ऑइलबद्दल. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना मी ३१ वर्षं शिकवलं. निवृत्त झालो तरी लग्नात, बारशात, अगदी तेराव्याच्या जेवणातसुद्धा कुणीतरी कोपऱ्यात ओढतंच, "सर, आपल्या गाडीत ऑइल कुठलं टाकू?" मी विचारतो, "गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?" की समोरच्याचा चेहरा असा होतो, जशी मी त्याला ओवीच म्हणायला लावली.

तर दोन शब्द लक्षात ठेवा. जाडी आणि जात. पुन्हा सांगतो, जाडी आणि जात.

आधी जाडी. डब्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेलं असतं, १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०, असं. आमचा भाग गुऱ्हाळांचा, म्हणून काकवीवर सांगतो. काहिलीतली गरम काकवी पाण्यासारखी धावते. तीच मार्गशीर्षातल्या पहाटे बरणीतून काढायला जा, चमच्याला लोंबत राहते. ऑइलचंही तेच. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा गार ऑइलचा; तो जितका लहान, तितकं ते गारठ्यात चटकन धावतं. नंतरचा आकडा १०० अंशांना तापल्यावर अंगात किती जाडी उरते त्याचा. आता तुम्ही म्हणाल, सांगली-साताऱ्याला कुठला आलाय विंटर? अहो, १०० अंशांवर राबणाऱ्या इंजिनाला आपली २५ अंशांची सकाळसुद्धा गारच की! आणि चावी फिरवली की तळाच्या चेंबरमधलं ऑइल वर टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, पोचायला वेळ लागतो. टर्बोचा दांडा म्हणजे गाडी भरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा गडी. त्याला पाणी उशिरा मिळून चालत नाही. म्हणून जाड ऑइल म्हणजे दमदार ऑइल, हे डोक्यातून काढा.

हे रंगाचंही तसंच आहे. डिझेल गाडीचं नवं ऑइल चार दिवसांत काळं होतं आणि माणसं गॅरेजवाल्याशी भांडायला जातात. ते काळं होतं कारण ते इंजिनातली काजळी अंगावर घेतं, तळाला बसू देत नाही. तेच त्याचं काम. आपल्या लोकांना रंगाचं भारी वेड. गुळाचं बघा ना. पिवळाधमक दिसला की उचलतात, आणि बिनमसाल्याचा काळपट गूळ, ज्याला खरी चव असते, तो व्यापारी नाक मुरडून बाजूला सारतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर काळा गूळ केला आणि आयुष्यभर कमी दर घेतला. असो. तो विषय वेगळा.

आता जात. माणसाची जात विचारू नये, ऑइलची मात्र आधी विचारावी. ती डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. एपीआय, ही अमेरिकेतली वंशावळ, असं लिहून पुढे सीआय-४, सीके-४ अशी अक्षरं येतात. यात सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. सीआय-४ ही जात २००२ ची, सीके-४ आली २०१६ च्या डिसेंबरात. दुसरी वंशावळ युरोपातली, एसीईए नावाची. तिच्यात सी-२, सी-३ असं असतं. इथला सी निराळा बरं का. हा सी म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या गाळणीला सोसणारं ऑइल, कमी राखेचं. ही गाळणी म्हणजे डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आलं, तेव्हापासूनच्या जवळजवळ प्रत्येक डिझेल कारमध्ये ती आहे.

ही गाळणी काय चीज आहे, ते मला शिकवलं आमच्या दाजींनी. म्हणजे त्यांनी चूक केली आणि मी शिकलो.

आमची अक्का कृष्णाकाठच्या एका गावात दिलेली. दाजी पक्के बागायतदार. २०२१ साली उसाचं बिल आलं, थोरला म्हणाला ट्रॅक्टर बदलू, दाजी म्हणाले ट्रॅक्टर हाय तसाच ऱ्हाऊ दे, मी आता सत्तरीला आलो, मला गाडी पायजे. घेतली. मोठी, पांढरी, डिझेलची. तिचा दिनक्रम ऐका. सकाळी घरापासून मळा, २ किलोमीटर. मळ्यातून दूध डेअरी, दीड किलोमीटर. डेअरीतून घर. संध्याकाळी पारावर, तेही गाडीनं, कारण पारावर गाडी दिसली पाहिजे. रोज धुणं मात्र चुकायचं नाही. (बोअरच्या पाण्यानं गाडी रोज धुणारी आणि ऑइलची पातळी दाखवणारी काडी वर्षात एकदाही न उपसणारी माणसं मी एवढी पाहिलीत, की आता त्यांना नमस्कार करून पुढे जातो.)

पहिल्या दोन सर्व्हिसिंग नीट झाल्या. तिसरीला दाजींनी हिशेब केला. घरात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली आहे, १५डब्ल्यू-४०, निम्मी शिल्लक. ट्रॅक्टर ५० घोड्यांचा, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. जे ऑइल उसाच्या ट्रॉल्या ओढतंय, त्याला चार माणसांची गाडी म्हणजे काय! गावातल्या पोराकडून बदलून घेतलं. ४०० रुपयांत काम झालं, म्हणून त्याला चहासुद्धा पाजला.

पुढे तीन-चार महिन्यांनी मी भावबीजेला गेलो. चपला काढतोय तोवर दाजी आले, हाताला धरून सरळ गोठ्याशेजारी गाडीजवळ. तिथं पाच-सात माणसं आधीच जमलेली. दाजींनी बॉनेट उघडलं, काडी उपसली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत घातली, परत उपसली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"पाव्हणं, ह्यो बघा. आखाडात हितं हुतं. श्रावणात हितं. आता खुणंच्या वर दोन बोटं गेलंया. लोकांच्या गाड्या ऑइल खात्यात. आमची गाडी ऑइल देतीया!"

मी ३१ वर्षं गाड्यांत घालवली, पण ऑइल देणारी गाडी पहिल्यांदा बघत होतो. गर्दीतला एक म्हातारा अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग धार कवा काढायची?"

मी काडी नाकाशी नेली. डिझेलचा घमघमाट. खिशातला पेपर काढला, एक थेंब कागदावर टाकला. बघता बघता मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट, पातळ कडं पसरत गेलं. चांगलं ऑइल असं पळत नाही. म्हटलं, "दाजी, म्हैस पान्हवली नाही. दुधात पाणी पडतंय."

चावी लावून बघितली तर समोर पिवळा दिवा. एका डबीत ठिपके ठिपके असं त्याचं चित्र असतं. विचारलं, हा कधीपासून? "ती मोहरीची डबी व्हय? ती आसती अधनंमधनं." गणपतीचा स्टिकर लावून दाजींनी ती डबी अर्धी झाकलीही होती.

आता या डबीची गोष्ट ऐका, कारण सगळं इथंच आहे. डीपीएफ धुरातली काजळी अडवते. अडवलेली काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते, ६०० अंशांच्या आसपास. एवढी धग आणायला इंजिन नेहमीपेक्षा उशिरा थोडं जास्तीचं डिझेल फवारतं. हे काम व्हायला पंधरा-वीस मिनिटं गाडी वेगात, एका चालीनं पळावी लागते. दाजींची गाडी पळायची दोन किलोमीटर. चूल पेटते न पेटते तोच डेअरी यायची, चावी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवायची, पुन्हा बंद. ते जास्तीचं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळत खाली चेंबरमध्ये, ऑइलमध्ये. म्हणून काडी वर चढत होती. पुन्हा सांगतो, डिझेल गाडीचं ऑइल वाढत असेल तर ती बरकत नाही. वाढलेलं ऑइल म्हणजे पातळ झालेलं ऑइल. बेअरिंगला ते पुरत नाही. फारच वाढलं तर ब्रीदरच्या नळीतून इंजिनातच ओढलं जातं, मग चावी काढून खिशात घातली तरी इंजिन थांबत नाही, स्वतःचंच ऑइल जाळत बोंबलत राहतं. गिअरची गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडायची.

भावबीजेचं ताट तसंच राहिलं. गाडी बांधावर चढवली, ड्रेन नट सोडला आणि खाली घमेलं लावलं. दाजी म्हणाले, मोजायचं. घरातलं डेअरीचं लिटरचं माप घेऊन आले! पुस्तकाप्रमाणे त्या इंजिनात बसतं ५ लिटर. आम्ही मापानं मोजलं, निघालं सव्वासहा. आणि काकवीसारखं नाही, सारासारखं. अक्का दारातून बघत होती. ते माप तिनं परत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अजून गोठ्यात टांगलेलं आहे.

आता यात ट्रॅक्टरच्या ऑइलचा दोष किती? खरं सांगायचं तर डिझेल मिसळलं ते दोन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळं. भारी ऑइल असतं तरी तेच झालं असतं. ट्रॅक्टरच्या ऑइलचं बिल पुढे यायचं होतं. कसं, ते चुलीवर बघा. लाकूड जळतं, राख जळत नाही. काजळी जळून जाते, पण इंजिनात जळणाऱ्या ऑइलची राख गाळणीत बसली की बसली. जुन्या जातीच्या ऑइलात राख देणारी द्रव्यं मुद्दाम जास्त घालायचे, कारण जुन्या डिझेलमध्ये गंधक असायचं, त्याचं आम्ल व्हायचं आणि ते मारायला औषध लागायचं. आता बीएस-६ च्या डिझेलमध्ये गंधक १० लाख भागांत जेमतेम १० भाग, म्हणजे दहा पीपीएम. रोग कमी झाला, औषधाची मात्रा कमी केली. सी-३ ऑइलला राखेची मर्यादा ०.८ टक्के. दाजींच्या बादलीवरच्या जुन्या जातीला असं बंधनच नव्हतं. आणि गाळणी राखेनं तुंबली की नवी घ्यायची, एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीत. लिटरमागं दोनशे रुपये वाचवायला म्हैस विकायची का, असं मी विचारलं, तेव्हा कुठं दाजी गप्प झाले. म्हशीचं नाव काढलं की आमचे दाजी गप्प होतात.

मग पुस्तक शोधायला लागलो. गाडीत नाही. कपाटात नाही. शेवटी सापडलं देवघरात, सातबाऱ्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकसकट. वर हळदीकुंकू वाहिलेलं. उघडलं मात्र कुणी नव्हतं. आत स्वच्छ लिहिलेलं, जाडी ५डब्ल्यू-३०, जात सी-३. तालुक्याच्या गावावरनं सीलबंद डबा आणला, फिल्टर नवा टाकला. ऑइल बदललं आणि फिल्टर जुनाच ठेवला, तर आंघोळ करून मळके कपडे घातल्यासारखं. हे गॅरेजमध्ये ठणकावून सांगा. रिकामा डबा फोडायला विसरू नका, नाहीतर तो कुठं जातो आणि त्यात काय भरून परत येतो, हे मी इथं बोलत नाही.

ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत, बिनगाळणीच्या, त्यांनी घाबरू नये. तुमच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० आणि सीआय-४ असेल तर तेच बरोबर. भारी घातलं म्हणून गाडी तरुण होत नाही. बदलायचं बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. छोट्या फेऱ्या असतील तर त्याच्या आधीच. आणि काडी महिन्यातून एकदा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, फडक्यानं पुसून. धोतरानं नाही.

दाजींना मी औषध लिहून दिलं. आठवड्यातनं एकदा गाडी पेठ नाक्यावर हायवेला काढायची आणि कऱ्हाडपर्यंत एका चालीनं न्यायची. मधे थांबायचं नाही. दर रविवारी दोघं निघतात. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या काठाला बसतात, भेळ खातात, परत येतात. अक्का सांगत होती, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, यांनी मला कधी नदीकाठी बसवून काही खाऊ घातलं नव्हतं. आमच्या गावात नदी नाही व्हय?

परवा रात्री तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. दाजी शेजारी झोपले असावेत.

"आरं, ती मोहरीची डबी असती ना गाडीत, पिवळी..."

"लागली का परत?"

"न्हाई रे. म्हणूनच फोन केला. चार आठवडं झालं लागंना. ह्ये म्हणत्यात, आता गाडी बरी झाली, कऱ्हाडला कशाला जायाचं? ती जरा मधनंमधनं लागंल असं काय करता येतंय का?"