आवळलेला नट, झिजलेला लायनर

स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ, ब्रेक केबलच्या टोकाला एक नट असतो. लिव्हर सैल वाटली की बहुतेकांचा हात इथेच जातो. दोन फेरे आवळले, निघाले सीताबर्डीला. नटाने लिव्हरची चाल, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, कमी होते; झिजलेला लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, काही परत येत नाही.

म्हणून आधी बाण बघा. गाडी मेन स्टँडवर, लिव्हर पूर्ण दाबलेली. आर्मजवळचा (केबल ओढते त्या दांड्याजवळचा) बाण मागच्या त्रिकोणी खुणेला टेकला, तर नटाला हात लावू नका, शू (लायनर चिकटवलेल्या कमानी) बदला. शूंना बाहेर ढकलणारा कॅम त्यापुढे वळला की जोर लागत नाही. अगदीच अतिरेक झाला तर कॅम उलटून चाक जाम होतं.

बाण अजून अलीकडे आहे? मग नट अर्धा-अर्धा फेरा फिरवा. नटाची खाच आर्मच्या पिनवर नीट बसली पाहिजे. अधांतरी राहिली, तर पहिल्याच ब्रेकला ती जागेवर सरकते आणि ढील पुन्हा येते. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर चाल ठेवा; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा. घासत असेल तर नट थोडा सोडा. मे महिन्यात, 45 अंशांत, घासणारा ड्रम (चाकातली वाटी, जिला शू आतून घासतात) आणखी तापतो, लायनर चकचकीत होतो आणि गाडी थांबायला वेळ लागतो.

शू बघायचे तर चाक काढावं लागतं. बहुतेक स्कूटरना आधी सायलेन्सर उतरवावा लागतो, तोही पूर्ण थंड झाल्यावर. ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, सैल करा.

ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका. ती नाकात जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा अनेक गाड्या चिखलात उभ्या होत्या. अशा गाडीच्या ड्रममध्ये गाळ बसून पृष्ठभागावर चरे पडतात.

लायनर सर्वात पातळ जागी 2 मिलिमीटरला आला की शू जोडीनेच बदला, स्प्रिंगसह. नुसताच चकचकीत असेल तर पॉलिश पेपरने खरवडला तरी चालतो. तेलकट असेल तर धुऊन उपयोग नाही. बऱ्याचदा हे तेल गिअरबॉक्सच्या सीलमधून येतं. सील न बदलता नवीन शू टाकले, तर पैसे वाया.

ड्रमच्या आत कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. 130 मिलिमीटरच्या ड्रमवर बहुधा 131. त्यापुढे गेला असेल तर ड्रमच बदला.

कॅमला आणि पिनला ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त झालं तर तापून लायनरवर उतरतं. आर्म काढायचा असेल तर आधी खूण करा. काही जण तो एक दाता मागे बसवून जुना लायनर आणखी ओढतात, पण आर्मवर बाण असेल तर मग तोही खोटं सांगतो.

नवीन शू जाड असतात, म्हणून चाक चढवण्याआधी केबलचा नट पूर्ण सोडा. ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्यावर. रेंच नसेल तर तेवढं गॅरेजमध्ये करून घ्या, यात कंजुषी नको. एप्रिल 2019 नंतरच्या बहुतेक 125 सीसीपर्यंतच्या स्कूटरमध्ये डावी लिव्हर दोन्ही चाकांना ब्रेक लावते, तेव्हा पुढचाही तपासा. मग मोकळ्या गल्लीत, हळू वेगात, थांबत-थांबत लायनर बसू द्या. काही दिवसांनी चाल पुन्हा मोजा.