पाय धड आहेत, हात नाही

नमस्कार, श्रोतेहो.

गणेशाची चवथ तोंडावर आली की गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीच्या सामानासाठी म्हापशाला जा, फोंड्याला जा नाहीतर मडगावला, पहिला प्रश्न एकच. गाडी कुठं लावायची? त्या सगळ्या रेटारेटीत एखादी जागा मोकळी दिसते. जमिनीवर निळा चौकोन, त्यात पांढरी चाकाची खुर्ची. एक बाई येते, तिथं गाडी लावते, उतरते आणि सरळ चालत दुकानाकडे निघते. मागून कुणीतरी म्हणतंच, 'पाय तर धड आहेत की हिचे!'

पाय धडच आहेत. हात धड नाही. आज मला बोलायचंय ते याच हाताबद्दल, आणि त्या निळ्या चौकोनावर त्याचा हक्क किती याबद्दल.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी. लोक फिजिओबाई म्हणतात, मीही आता दुरुस्त करत बसत नाही. माझ्याकडे येतात ते मुख्यतः हाताचे रुग्ण, आणि गोव्यात हात दुखावायला निमित्तं थोडी नाहीत. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर पाय सरकतो, पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. नारळ पाडणारा पाडेली माडावरून खाली पडतो. आणि दुचाकी तर आपल्या घरोघरी आहे. दुचाकीवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, तर मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं ताणलं जातं, कधी तुटतं. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्ससची इजा म्हणतात. नस पुन्हा वाढते तेव्हा तिचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर मोजा आणि करा हिशेब. दीड-दोन वर्षं तो हात नुसता लोंबत असतो, आणि तेही सगळं नीट झालं तर. अशा माणसाला बँकेत जायचं असतं, मुलाला शाळेतून आणायचं असतं. स्कूटर तर गेलीच हातची. एका मुठीत ॲक्सिलरेटर, दुसऱ्या बाजूला ब्रेक. एका हाताचं कामच नाही ते. मग गाडी.

आता या गाडीत माझ्याबरोबर जरा बसा. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो. त्याचं दारही उजवीकडे, दाराची कडी उजव्या हाताशी, काच खाली करायचं बटण तिथंच, पार्किंगची पावती घ्यायची खिडकीही तीच. मारुती, ह्युंदाई अशा बऱ्याच गाड्यांत साइड दाखवायची दांडीसुद्धा उजवीकडे. म्हणजे उजवा हात गेलेल्या माणसाला डावा हात छातीवरून पलीकडे नेऊन, कंबरेत पिळा देऊन दार उघडावं लागतं. डावा हात गेला असेल तर दाराचं निभावतं, पण गिअर आणि हँडब्रेक अडतो. त्यावर ऑटोमॅटिक गिअरचा उपाय आहे, स्टीअरिंगला गोळा बसवून एका हाताने ते फिरवता येतं. गाडीत असे बदल केले की परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते, लायसन्ससाठी डॉक्टरची तपासणी लागते. तो विषय वेगळा आहे, लांब आहे, आज सोडून देते.

मला तुम्हाला दाखवायचंय ते उतरणं. तुम्ही-आम्ही शेजारच्या गाडीला खेटून गाडी लावतो तेव्हा दार वीतभर उघडतो, एका हाताने ते धरून ठेवतो, दुसऱ्या हाताने सीटला नाहीतर छताला आधार देतो आणि अंग चोरून बाहेर निसटतो. यात दोन हात लागतात हे आपल्या ध्यानातही येत नाही. एकच हात असलेला माणूस दार धरेल तर आधार जातो, आधार धरेल तर दार सुटतं. त्यात आपले चढ-उतार. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर गाडीचं नाक चढाकडे असेल तर दार परत येऊन अंगावर मिटतं, नेमकं दुखऱ्या खांद्यावर. नाक उताराकडे असेल तर दार हातातून सुटतं आणि बाजूच्या नव्याकोऱ्या गाडीवर आपटतं. मग जी बाचाबाची होते ती तुम्ही ऐकलीच असेल.

म्हणून हाताच्या रुग्णाला हवी असते ती दार पुरं उघडण्याएवढी रुंदी. जवळपणा दुय्यम. ही रुंदी राखीव जागेत कागदावर तरी आहे. साधी पार्किंगची जागा अडीच मीटरच्या आसपास रुंद असते आणि छोट्या गाडीलाच त्यातले पावणेदोन मीटर लागतात. दिव्यांगांसाठीच्या जागेची रुंदी आपल्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे किमान ३.६ मीटर, लांबी ५ मीटर, आणि इमारतीच्या दारापासून ती ३० मीटरच्या आत हवी. यातला गाडीच्या बाजूचा तिरप्या रेघांचा पट्टा १.२ मीटरचा. तो पट्टा हाच या जागेचा जीव आहे. चाकाची खुर्ची तिथं उघडते, कुबड्या तिथं टेकतात आणि आमच्या रुग्णाचं दार तिथं पुरं उघडतं.

आणि आपण तिथं काय करतो? स्कूटर लावतो. 'गाडीच्या जागेत कुठं लावलीय, पट्ट्यात तर लावलीय!' हे मला इतक्यांनी ऐकवलंय की मी वाद घालायचं सोडून दिलं. पट्ट्यात स्कूटर असली की राखीव जागा असून नसल्यासारखी. गाडी आत शिरते, माणूस बाहेर पडत नाही.

आता या राखीव जागेत गाडी लावायच्या परवान्याकडे वळते. ज्यांची मुलंबाळं इंग्लंडात स्विंडनला आहेत त्यांनी ब्ल्यू बॅज हे नाव ऐकलं असेल. ब्रिटनमध्ये १९७० साली कायदा झाला, पुढच्याच वर्षी बॅज सुरू झाला, तेव्हा तो नारिंगी होता. हा बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो माणूस ज्या गाडीत असेल त्या गाडीत ठेवायचा. हाताच्या बाबतीत त्यांचा नियम ऐकण्यासारखा आहे. माणूस नेहमी गाडी चालवणारा हवा, दोन्ही हातांना गंभीर दिव्यांगत्व हवं आणि पार्किंगचं यंत्र चालवता न येणं किंवा ते चालवताना फार त्रास होणं हवं. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. कॅलिफोर्नियात एक पाय निकामी असला तरी चालतं, हात मात्र दोन्ही निकामी हवेत. त्या श्रीमंत देशांनाही एका हाताचं दुखणं पार्किंगशी नीटसं जोडता आलेलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात प्रश्न एकच, चालता येतं का? दार उघडता येतं का, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे ब्ल्यू बॅजसारखा, गाडीत लावून देशभर चालणारा एकच परवाना नाही. दुकानात खुर्चीच्या चित्राचे स्टिकर मिळतात, ते कुणीही विकत घेऊन काचेवर लावतो. तो परवाना नव्हे. पुरावा म्हणून चालतं ते युनिक डिसॅबिलिटी आयडी, म्हणजे यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी इस्पितळात तपासणी होते. हाताची तपासणी करताना सांधे किती वळतात, स्नायूंत जोर किती, बटण लावणं, घास घेणं अशी कामं जमतात का, पकड कशी, स्पर्श कळतो का, हे सगळं पाहून टक्के काढतात. ज्या हाताने तुम्ही लिहिता-जेवता तो दुखावला असेल तर थोडे गुण वाढवून मिळतात. पूर्ण लुळा पडलेला हात ४० टक्क्यांच्या पुढे जातो. नुसता आखडलेला खांदा सहसा तिथवर पोचत नाही. ४० च्या आत असेल तर कार्ड पांढरं, ४० पासून ७९ पर्यंत पिवळं, ८० पासून पुढे निळं. सुधारणेची शक्यता असेल तर दाखला ठरावीक मुदतीचा मिळतो. नसांच्या इजेत बहुधा तसंच होतं. ती मुदत कधी संपते ते आजच बघून ठेवा, कारण ऐन गरजेच्या वेळी ती संपलेली निघते.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरीतलं आरक्षण वगैरे लाभ ४० टक्क्यांपासून पुढे आहेत. पण कलम ४१ बस थांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांबद्दल बोलतं, पार्किंगच्या जागांचा आणि तिकिटाच्या यंत्रांचाही नाव घेऊन उल्लेख करतं, आणि तिथं शब्द आहेत दिव्यांग व्यक्ती एवढेच. ४० टक्क्यांची अट त्या कलमात नाही. तेव्हा पांढरं कार्ड असलेल्या माणसाने आपण चोरी करतोय असं वाटून घेऊ नये. पार्किंगवरचा माणूस हुज्जत घालेल, घालू दे. कार्ड दाखवा, उजव्या बाजूला जागा का हवी ते दोन वाक्यांत सांगा. दुखरा हात बाहीत लपवू नका. आपल्याकडे, विशेषतः बायका, पदराखाली नाहीतर ओढणीखाली हात घेतात, आणि मग समोरच्याला कळायचं कसं?

उलट बाजूही कायद्यात आहे. ४० टक्क्यांवरच्यांसाठीचा लाभ लबाडीने घेतला तर कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वडिलांचं कार्ड डॅशबोर्डवर ठेवून एकटाच मासळी आणायला जाणाऱ्या चिरंजीवांनी हे ऐकून ठेवावं.

मापांचं म्हणाल, तर ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात केंद्र सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम नुसती शिफारस असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हापासून गोव्यात रॅम्प सगळ्यांना ठाऊक झाला, ही मोठीच गोष्ट आहे. पण रॅम्प पायाला लागतो. हाताला लागतो तो हलकं ढकललं तरी उघडणारा दरवाजा, मुठीत न धरता दाबता येणारी कडी आणि ३.६ मीटरची जागा.

प्लास्टरवाल्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. मनगट मोडलं, सहाएक आठवडे प्लास्टर. आपला कायदा दीर्घकाळच्या दिव्यांगत्वाबद्दल आहे, त्यामुळे प्लास्टरवर कार्ड मिळत नाही. कॅलिफोर्नियात अशा तात्पुरत्या अडचणीसाठी लाल परवाना देतात, जास्तीत जास्त १८० दिवसांचा, तोही तिथल्या अटींत बसलं तर. आपल्याकडे तसं काही यावं असं मला मनापासून वाटतं. तोवर माझा सल्ला रोखठोक आहे. प्लास्टर असताना गाडी चालवूच नका. कुणाला तरी चालवायला सांगा, दुकानाच्या दारात उतरा आणि चालवणाऱ्याने गाडी लांब नेऊन लावावी. दारात उतरायला राखीव जागा लागत नाही. हेच मी कार्डवाल्यांनाही सांगते, शेजारी बसून जात असाल तेव्हा. त्या दिवशी ती जागा चाकाच्या खुर्चीवाल्याला राहू दे. तुम्ही स्वतः चालवत असाल, एकटे असाल, तर मात्र बिनदिक्कत लावा.

पावसाळ्यात तर लावाच. एका हातात छत्री घेतली की किल्ली कशात धरायची? भाजीची पिशवी कुठं अडकवायची? एरवी ३० मीटर काय आणि १०० मीटर काय, आमचा रुग्ण चालून जातो. जून ते सप्टेंबर मात्र अंतरही हाताचंच दुखणं होऊन बसतं. पिशवी खांद्यावरून तिरकी घालायची घ्या, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, आणि तो पुढून चेनचा नको, डोक्यावरून घालायचा असू दे. राखीव जागा भरलेली असेल तर रांगेतली शेवटची जागा शोधा, जिथं तुमच्या दाराच्या बाजूला गाडी येणारच नाही. सपाट जागा मिळाली तर दहा पावलं जास्त चालावं लागलं तरी तीच घ्या.

देवस्थान समित्यांची आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांची मंडळी ऐकत असतील तर त्यांना एक सांगायचंय. चवथीआधी रंगरंगोटी निघेल, तेव्हा खुर्चीचं चित्र काढून थांबू नका, तिरप्या रेघांचा पट्टाही आखा. एकच जागा असेल तर पट्टा चालवणाऱ्याच्या दाराकडे घ्या, गाडी ज्या तोंडाने आत येते ते बघून. दोन जागा असतील तर पट्टा मधोमध काढा, एक गाडी पुढून आणि एक मागून लावली की दोघांची दारं त्याच पट्ट्यात उघडतात. आणि स्कूटर येऊ नये म्हणून त्या पट्ट्यात कुंड्या मांडून ठेवू नका. मी पाहिल्यात.

नमस्कार.